मागच्या दारानं आलेला माणूस

१४, टेंटर रो, हेप्टन ब्रो
ता. ६ फेब्रुवारी

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय म्हणतोस, म्हणजे फोनचा प्रश्न मिटला. बरंच झालं. फोनवर तू ऐकत नाहीस आणि मला बोलूही देत नाहीस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुझी रोवेना खुशाल आहे. घटस्फोटानंतर चार दिवस आत्याकडे म्हणून आली, त्याला आता सहा वर्षं झाली. तिच्यावाचून मला करमत नाही, हे तिला सांगू नकोस. शाळेत मुलांच्या जेवणावर देखरेख करून रोज घसा बसवून घेते. आता नगरपालिकेच्या विवाहनोंदणी कचेरीत जागा निघाली आहे, तिथे अर्ज करायचं म्हणते. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागायचं मनात आणलं. मिळालं तर आजूबाजूच्या चार गावांची लग्नं तुझी लेक लावेल. स्वतःचं मोडलं म्हणून काय झालं, चूक कुठे होते हे तरी तिला ठाऊक आहे.

आता मुख्य बातमी. टीव्ही लायसन्सवाल्यांचं आणि माझं युद्ध तुला माहीतच आहे. पन्नास वर्षं आम्ही बिनबोभाट पैसे भरले. लायसन्स सिरिलच्या नावावर होतं. सिरिल गेला, मी तसं कळवलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला माझ्या मेलेल्या नवऱ्याला लाल अक्षरांत धमकी येते की आमचा अधिकारी आपल्या भेटीस येईल. मी दफनभूमीतल्या त्याच्या जागेचा नंबर कळवला आणि लिहिलं, अवश्य या, ते घरीच असतात. तरी पत्रं थांबेनात. तेव्हा ठरवलं की पैशाला माझी ना नाही, पण चोराशी बोलावं तसं बोलणाऱ्याला मी एक पेनी देणार नाही. मला कोर्टात खेचा. माझं भाषण तयार आहे, नवी टोपी घेतली आहे, आमच्या बोल्स खेळायच्या क्लबातल्या अकरा जणी बस ठरवून बघायला येणार आहेत.

आणि काल तो अधिकारी आला, तर मी नेमकी क्लबात पत्ते कुटत होते. पुढचं दार तो आधी चार वेळा बडवून गेला होता म्हणे. आपल्या गल्लीत पुढचं दार शवपेटीला आणि पोलिसाला, हे त्या दक्षिणेकडच्या माणसाला कोण सांगणार. पाचव्या खेपेला तो कचरेवाल्याच्या मागोमाग बोळातून मागच्या दारी पोचला. आता मागच्या दारानं येतो तो घरचाच. रोवेनानं त्याचा भिजलेला कोट वाळत घातला, चहा दिला, पार्किन केकचे दोन तुकडे दिले. टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालू होती, तीही दोघांनी मिळून बघितली. निघताना त्यानं कागद पुढे केला आणि म्हणाला, मी येऊन गेलो एवढंच दाखवायला, इथे सही करा. हिनं केली. नाव विचारलं, तर मधल्या नावासकट सांगितलं. मी घरी आले तेव्हा बाई कौतुकानं सांगत होती की किती भला माणूस होता.

गुडघे सांभाळ. समुद्रावरचा वारा तुला मानवत नाही हे मी लहानपणापासून सांगते आहे. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
ॲव्हिस


स्कारबरो
ता. ११ फेब्रुवारी

ती. ॲव्हिसताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून त्या बिचाऱ्या माणसाची दया आली. छत्तीस वर्षं आगगाडीत तिकिटं तपासली मी. भिजत उभं राहणं काय असतं आणि लोकांनी तोंडावर दार लावणं काय असतं, ते मला विचार. टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं, गाडीत बसायचं तर तिकीट लागतं. तिकीट नाही त्या प्रत्येकाकडे भाषण मात्र तयार असायचं. तुझ्यासारखी टोपीही काहींकडे असे.

रोवेना त्याच्याशी नीट वागली याचा मला अभिमान वाटतो. गणवेशातल्या माणसानं विचारलं की नाव सांगावं, सही करावी, वाद घालू नये, हे मीच तिला शिकवलं. तुझ्याकडे सहा वर्षं राहूनही ते टिकलं म्हणजे कमाल आहे.

पण एक गोष्ट मस्करीबाहेरची. टीव्ही तुझा असला तरी सही तिची आहे. आमच्याकडे सही ज्याची, त्याच्याच नावावर केस होत असे. तेव्हा हट्ट पुरे कर आणि आजच लायसन्स काढून टाक. सिरिलनंही हेच सांगितलं असतं, फक्त तुझ्यासमोर नाही.

पार्किन त्याला दोन तुकडे आणि मला ख्रिसमसला एक, याची नोंद घेतली आहे. प्रकृतीला जप आणि धाकट्यावर कृपा राहू दे.

तुझा,
क्लिफर्ड


हेप्टन ब्रो
ता. १९ जून

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

तुझं खरं ठरलं. फार नाचू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी कोर्टाचा लिफाफा आला, आणि तो रोवेनाच्या नावानं. मधल्या नावासकट. आरोप असा की तिनं लायसन्स नसताना टीव्ही वापरला. मी हाताशी असेल तो कागद घेऊन तिथल्या तिथे कोर्टाला लिहिलं की गुन्हेगार मी आहे, टीव्ही माझा आहे, खुर्चीही माझी आहे, आणि त्या पोरीला वाहिन्या बदलायचीसुद्धा मुभा नाही. तेव्हा आरोपी बदलून द्यावा. उत्तर छापील आलं. ज्यांची सही आहे त्यांच्यावरच खटला चालेल, आपण कोण ते आम्हाला माहीत नाही.

एवढंच नाही. आरोप नाकारून सुनावणी मागितली नाही, तर निकाल कुठल्याशा खोलीत बसून एकच मॅजिस्ट्रेट कागद बघून देणार. आरोपी नाही, बघे नाहीत. दिवसाला म्हणे ढिगानं उरकतात. क्लबातल्या बायकांना सांगितलं तेव्हा डोरीननं विचारलं की मग बसचे आगाऊ पैसे परत मिळतील का.

रोवेना काही बोलत नाही. सकाळी शाळेत जाते, आल्यावर भांडी घासते, स्वच्छ असलेलीही घासते. मला तिचं रडणं चालतं, गप्प बसणं चालत नाही. तुला काही लिहिलं तर मला कळव.

लोभ राहू दे, टोमणे कमी कर.

तुझी ताई,
ॲव्हिस


हेप्टन ब्रो
ता. २४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आत्यानं तुम्हाला सगळं कळवलंच असेल, थोडं फुगवून.

कोर्टाच्या कागदावर मी कबुलीच्या चौकटीत खूण करून टाकली होती. खाली, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, असंही लिहिलं होतं. दंड भरून मोकळं व्हावं असं वाटलं. मग नोंदणी कचेरीचा अर्ज पुरा करायला बसले तर त्यात रकाना निघाला, आपल्यावर कोर्टात कधी गुन्हा शाबीत झाला आहे का. मी तिथल्या बाईंना भेटून विचारलं. त्या म्हणाल्या की झाला असेल तर लिहावंच लागेल, मग समिती ठरवेल, आणि अर्ज पुष्कळ आले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते कळलं.

खोटं लिहिणं मला जमणार नाही. म्हणून खूण बदलली आणि सुनावणी मागितली आहे. तारीख चौदा सप्टेंबर, गुरुवार. तोवर अर्ज थांबवून ठेवतो म्हणाले. बाबा, मला ही नोकरी फार हवी आहे. शनिवारी सकाळी चांगले कपडे घालून, आनंदात असलेल्या माणसांसमोर उभं राहायचं, एवढंच. इतकं काही हवंसं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून भीती वाटते.

सुनावणी म्हटल्यावर आत्या हरखली. बस पुन्हा ठरवली आहे. भाषण तीन पानांचं होतं ते चार पानांचं झालं. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहणार म्हणते. कृपा करून तिला रागावू नका. तिच्यामुळे काही झालेलं नाही, दार मी उघडलं.

गोळ्या वेळेवर घ्या, आणि माझ्याकडून काळजी लावून घेऊ नका.

तुमची,
रोवेना


स्कारबरो
ता. २९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज थट्टा करायच्या मनःस्थितीत नाही.

तुझं भांडण खरं असेल. मेलेल्या माणसाला धमक्या पाठवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण या खेळात तू काय लावलंस ते बघ. तुझं काहीच नाही. ना तुझं नाव, ना तुझी नोकरी. पणाला लागली आहे ती माझी पोर, आणि ती तुला कधीच म्हणणार नाही की आत्या, पैसे भर. तिच्या जिभेवर ते येणारच नाही. म्हणून मी म्हणतो. भर.

तुझ्या चार पानांच्या भाषणात रोवेनाचं नाव कितीदा येतं, ते मोजून मला कळव.

नमस्कार स्वीकारावा.

क्लिफर्ड


हेप्टन ब्रो
ता. १५ सप्टेंबर

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

अडीच महिने उत्तर दिलं नाही, कारण मोजलं होतं. एकदाही नव्हतं.

तरीही काल टोपी घालून गेले, हे लपवत नाही. पाचवं पान जोडलं होतं, त्यात ती होती. बसमध्ये बायका गात होत्या. पण कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि गाणं तिथेच थांबलं. तिथे तीसेक माणसं बसली होती, आणि दोघे सोडले तर सगळ्या बायका. एकीजवळ बाबागाडी होती. एक वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून परस्पर आलेली, बसल्या जागी पेंगत होती. एक माझ्याहून म्हातारी, मुलाच्या घरी राहते, टीव्ही मुलाचा. दिवसा दार वाजलं की उघडायला घरी असतं कोण, तर बाई. मी एकेकीला विचारलं की सही कशी काय केली. सगळ्यांनी तेच सांगितलं. तो म्हणाला, मी येऊन गेलो एवढंच दाखवायला.

माझ्या भाषणात यातल्या कुणीच नव्हत्या, क्लिफर्ड.

मग फायलींचा गठ्ठा घेऊन लायसन्सवाल्यांचा वकील आला. ज्यांनी आता लायसन्स काढलं असेल त्यांनी दाखवावं, त्यांचा खटला मागे घेतो, म्हणाला. रोवेना माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की आत्या, तू भरू नकोस, मी सांगते त्यांना नीट. आणि हसली. दोन सुटकेसी घेऊन माझ्या मागच्या दारी उभी राहिली होती तेव्हा हसली होती, तसं. मला तो चेहरा सहन झाला नाही.

मोबाईलवर लायसन्सचे पैसे कसे भरतात ते मला येत नाही. बाबागाडीवालीनं भरून दिले. अकराही जणी बघत होत्या. डोरीन काही तरी बोलायला गेली, तर मी तिला सांगितलं की तू तुझं सँडविच खा. वकिलानं मोबाईलवर नजर टाकली, खटला मागे घेतल्याचं आत जाऊन सांगितलं, संपलं. चहा गाळायलाही जास्त वेळ लागतो. कुणी मला काही विचारलं नाही.

हरले मी. सगळ्या गावासमोर हरले. तुला पोटभर हसायचं असेल तर हसून घे, पण रोवेनासमोर नको. परत येताना तिनं बसमध्ये माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. टीव्हीसकट घर विकून ये म्हणाली असती तरी मी त्या घडीला विकलं असतं.

पण आम्ही लगेच निघालो नाही. बसचा ड्रायव्हर दोनला येणार होता. मी टोपी काढली आणि त्या बायकांमध्ये जाऊन बसले. दार उघडायची सक्ती नाही, घरात घ्यायची नाही, सही करायची तर मुळीच नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सँडविचं वाटली. शिपाई येऊन म्हणाला की तुमचं काम झालंय, आता निघा. मी म्हटलं की माझे पाय दुखताहेत. दर गुरुवारी तिथे अशीच गर्दी असते, हे त्याच्याकडूनच कळलं. पुढच्या गुरुवारची बस ठरवली आहे. डोरीन अंड्याची सँडविचं करणार आहे.

रागावला असशील तर राग सोड. तुझ्याशिवाय मला रागावणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुझी ताई,
ॲव्हिस


स्कारबरो
ता. १९ सप्टेंबर

ती. ॲव्हिसताईस सा. न. वि. वि.

रोवेनाचं पत्र आज आलं. नोंदणी कचेरीतली जागा मिळाल्याचं तिला काल कळलं. पत्राभर तुझंच कौतुक आहे, माझ्याबद्दल एक ओळ, तीही गोळ्यांची.

तू परवानगी दिली होतीस म्हणून हसायला बसलो होतो. चारचौघांत तू कधी हरलेली मला आठवत नाही. शाळेत माझ्याशी गोट्या खेळतानासुद्धा रडीचा डाव खेळून जिंकायचीस. माझ्या लेकीसाठी हरलीस.

पण हसू आलं नाही, त्याचं कारण वेगळं आहे. ताई, ते वाक्य माझं आहे. मी भेटलो एवढंच दाखवायला, इथे सही करा. शब्द इकडचे तिकडे, पण तेच. छत्तीस वर्षं मी ते फलाटांवर म्हटलं. शाळकरी मुलींना म्हटलं, चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्याला म्हटलं. आवाज मऊ ठेवायचा, पेन उघडून हातात द्यायचं, म्हणजे माणूस खाली काय लिहिलंय ते वाचत नाही. हे आम्ही नव्या पोरांना शिकवायचो. आणि घरी येऊन लेकीला शिकवायचो की विचारलं तर सही करावी. त्या माणसाच्या कागदावर तिची सही मीच केली म्हण.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं येतोय. दार उघडू नका, हे तू त्या बायकांना सांगशीलच. पण पेन हातात देणारा मनात काय म्हणत असतो, ते सांगायला तिथे एक जण हवा. तेवढं मला येतं.

नमस्कार. बाकीचं भांडण समोरासमोर.

तुझा,
क्लिफर्ड