आग विझवण्याचा बिनचूक कोर्स

३ फेब्रुवारी
साहेबांनी काम दिलं. आग विझवायचं सिलिंडर कसं चालवावं, याचा कॉम्प्युटरवरचा कोर्स. जमला तर ट्रेनिंगचा प्रमुख मीच. दुसरा आहे कोण? सेफ्टीवाल्या बाई म्हणाल्या, आधी दोघा-तिघा कामगारांच्या हातात सिलिंडर द्या, कुठे अडतात ते बघा. म्हणजे अडाण्यांना विचारून मी शिकवायचं! संकल्प: रोज दहा स्क्रीन.

७ फेब्रुवारी
एक झाली. पण काय झाली! माझा फोटो, माझं मनोगत, मागे हलत्या ज्वाळा.

१५ फेब्रुवारी
‘मानव आणि अग्नी’, बारा स्क्रीन. सिलिंडरचा धडा अजून यायचाय. बाईंनी परत नाक खुपसलं. लक्ष दिलं नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी
सिलिंडर एका स्क्रीनमध्ये उरकलं. त्यात काय एवढं? परीक्षाही तयार. बरोबर उत्तर तीन ओळींचं, सविस्तर. चुकीची एकेका शब्दाची. चुकीच्या उत्तरांवर कोण डोकं शिणवणार?

२० फेब्रुवारी
बायकोने एकही धडा न उघडता परीक्षा दिली. पैकीच्या पैकी. म्हणे, सगळ्यात लांब उत्तर दाबत गेले. हिला कशाचं कौतुक म्हणून नाही. कोर्स किती सोपा झालाय, हे हिला कळायचं नाही.

२६ फेब्रुवारी
सगळे कामगार पास! चहा पिता पिता! बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साहेब म्हणाले, उद्या प्रात्यक्षिक घेऊ. कोट इस्त्रीला टाकला.

२७ फेब्रुवारी
गोदामामागे पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावली. पहिल्याने सिलिंडरचा दांडा दाबला. दाबतोय, दाबतोय, काही नाही. दुसऱ्याने ते हलवलं. तिसरा माझ्याकडे बघत बसला. शंभर मार्कांचे दगड! साहेब शांतपणे म्हणाले, “तुम्हीच दाखवा.” मी दाबलं. काही नाही. बाईंनी येऊन दांड्यातली पिन ओढली आणि आग विझवली. पिनचं मला कोणी सांगायला नको?

२ मार्च
प्रमुखपदी बाई. वशिला असणार. तक्रार करायला गेलो तर साहेब म्हणाले, बरं झालं आलात, खाली बाई सगळ्यांचं प्रात्यक्षिक घेतायत, रांगेत उभे राहा.

रांगेत माझ्यापुढे कॅन्टीनवाला. त्याने पहिल्या झटक्यात आग विझवली. माझा नंबर आला. या वेळी पिन पक्की लक्षात होती. पण दांडा घट्ट आवळून धरला, त्यामुळे ती निघेचना. सगळे बघत होते. फार लाज वाटली. बाई हळूच म्हणाल्या, “घाबरू नका, नवीन माणसाचं होतं असं.” डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं बाईंना सांगितलं.

नापास. सोमवारी परत बोलावलंय.