काचघरातल्या कुंड्यांची व्यवस्था

मी, वसुधा काशिनाथ ओगले, वय बहात्तर, राहणार अवोन्डेल, ऑकलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, बहुतेकांच्या सांगण्याविरुद्ध. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. हृदय बिघडले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचे तसे पत्र सोबत जोडले आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. माझी वकील प्राची हिने इंग्रजीत लिहा असे सुचवले. भाषांतर तिने करून घ्यावे.

१. राहते घर मुलगा चंद्रशेखर याला. अल्बनीचे नवे घर सोडून तो इकडे येणार नाही, तेव्हा विकावे. विकताना मागचे काचघर अडगळ म्हणून पाडू नये. काशिनाथांनी ते हात चालत होते तोवर स्वतः उभे केले आहे.

२. बँकेतील ठेवी निम्म्या चंद्रशेखरला, निम्म्या नात सिद्धीला. तिने त्या शिक्षणासाठीच वापराव्यात अशी अट घालणार होते. ती म्हणाली, "आजी, चिल. ट्रस्ट मी." अट घालत नाही.

३. दागिने सून सुमेधा हिला. घालणार असेल तर.

४. येथल्या मराठी मंडळाने माझ्यासाठी शोकसभा ठेवू नये. ठेवलीच तर मृदुलाताईंना बोलू देऊ नये. काशिनाथांच्या वेळी त्या अर्धा तास स्वतःच्या युरोप सहलीबद्दल बोलल्या.

(येथे उठून काचघरात जाऊन आले. अजून काही दिसत नाही.)

५. भिंग, चिमटा आणि फांद्या छाटायचा सिकेटर सिद्धीला. सिकेटर ओला ठेवल्यास परत घेण्याची सोय मला नाही, हे तिने लक्षात घ्यावे.

६. आता मुख्य गोष्ट. काचघरातल्या कुंड्यांत गांजाची झाडे आहेत. ती घरी लावणे या देशात गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. प्राची म्हणाली, "काकू, हे कलम नको. कायद्याने जे तुमचं नाही ते तुम्ही देणार कसं?" म्हणून देत नाही, फक्त काय आहे ते सांगते. मी स्वतः ती वनस्पती कधी घेतलेली नाही.

काशिनाथांच्या पायांतल्या नसा रात्रंदिवस जळत. औषधांनी नुसती गुंगी येई. या झाडाच्या अर्काने ते जेवायला टेबलाशी बसू लागले. पण ते उंच जातीचे झाड दिवस लहान व्हायची वाट पाहते. येथे ऋतू उलटे, त्यामुळे ते एप्रिलमध्ये फुलायला लागते, तोवर पाऊस आणि बुरशी. कुंपणाच्या वर डोके काढते ते वेगळेच. दोन वर्षे सगळी फुले सडली आणि काशिनाथ तसेच राहिले. एक बुटकी जात मिळाली. ती ऋतू न पाहता, वय झाले की फुलते. पण तिचा त्यांना गुण येईना. मला एकीची घाई आणि दुसरीचा गुण एका झाडात हवा होता. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकले ते लग्न ठरेपर्यंत वेळ घालवायला, असे आमच्या घरी सगळे समजत. मी तसे समजत नव्हते.

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी. माझ्या बुटक्या नरांचा पराग वाऱ्याने कुंपणापलीकडे गेला. पराग लागला की फुलांत बी धरते आणि फुले वाया जातात. शेजारी ट्रेव्हर यांच्याकडे उंच जातीची झाडे होती, हे मला ते कुंपणाशी येऊन ओरडले तेव्हा कळले.

"तुझ्या त्या ठेंगण्यांनी माझं सगळं पीक बियांनी भरून टाकलं, वसुधा! आता पोलिसांत जाऊ का?"

"जा की. मीही येते. एकाच गाडीतून जाऊ."

त्यांनी ते अख्खे पीक उपटून माझ्या अंगणात फेकले. "घे, तुझी पोरं तूच सांभाळ!" त्यानंतर आमचे बोलणे बंद. वाऱ्याबद्दल मी माफी मागितलेली नाही.

त्या बिया पेरून आलेली झाडे उन्हाळाभर नुसती वाढली, फुलली नाहीत. चंद्रशेखर खूश झाला. "बघ, आई, नाही जमलं. टाक काढून." पहिल्या पिढीत ऋतू न पाहता फुलण्याचा गुण दडून राहतो, हे इंजिनिअरला कोण सांगणार? त्यांचा आपापसांत संकर केला की पुढच्या पिढीत साधारण चारात एक झाड लहान दिवसांची वाट न पाहता फुलते. तोवर काशिनाथ गेले. काम अर्धे होते, म्हणून चालू ठेवले.

ती दुसरी पिढी आता कुंड्यांत उभी आहे. डिसेंबरच्या लांब दिवसांत ज्यांना कळ्या येतील, तीच ठेवायची. येत्या दोन-तीन आठवड्यांत रोज पाहायला हवे. मी तेव्हा हॉस्पिटलात असेन किंवा कोठेच नसेन.

चंद्रशेखर म्हणतो, "ऑपरेशनच्या आधी सगळं गेलं पाहिजे, आई. सुमेधा फार्मसिस्ट आहे. तिचं रजिस्ट्रेशन जाईल."

"बरोबर आहे तिचं."

"मग?"

"मग तू हात लावू नकोस."

तेव्हा ही झाडे सांभाळण्याचे काम मी सोपवते ते

(येथे नाव सुचले नाही. दोनदा उठले. एका कुंडीतल्या पेराशी काही आहे असे वाटले; भिंगातून पाहिले, नुसते पान होते.)

७. कलम सहाचे शेवटचे वाक्य रद्द. त्या कुंड्या आता माझ्या जागेत नाहीत. मी कुंपणाशी जाऊन हाक मारली. ट्रेव्हर आले. त्यांचा नमस्कार नेहमी माओरीत असतो.

"किया ओरा. मेलीस की काय असं वाटलं होतं."

"मंगळवारी कळेल. कुंड्या घेतोस का?"

त्यांनी कुंपणाची एक फळी काढली आणि एकेक कुंडी पलीकडे घेतली. चांगला दिसेल तो एक नर ठेवायचा, बाकीचे उपटायचे, असे मी बजावले.

"तीस वर्षं करतोय मी हे, वसुधा."

"तीस वर्षं वाट बघत बसलायस."

येथे त्यांच्याबद्दल जे लिहिले आहे ते एका म्हातारीचे म्हणणे आहे, पुरावा नव्हे.

८. काढलेली फळी गॅरेजच्या दारामागे ठेवली आहे. मी परत आले तर मला त्या वाटेने पाहायला जायचे आहे. न आल्यास, पलीकडे पहिले फूल दिसेपर्यंत चंद्रशेखरने ती बसवू नये. त्यानंतर बसवावी. खिळे नवे वापरावेत.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे. खालील दोघांना यातून काहीही मिळत नाही. दोघांनी एकाच वेळी हजर राहून माझी सही पाहिली, मग आपापली केली. ट्रेव्हर यांना मराठी वाचता येत नाही. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. सही करण्यापूर्वी त्यांना हात धुवायला लावले.

स्थळ: अवोन्डेल, ऑकलंड
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) वसुधा काशिनाथ ओगले

साक्षीदार:
(सही) उत्तरा साबडे, मैत्रीण
(सही) ट्रेव्हर हॅलम, शेजारी