जाळीसमोरचा तळहात

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दीचं निमित्त सांगून सुटले. सर्दी वगैरे काही नाही. तुझे बाबा शेजारीच पेपर उघडून बसले होते. तसंही असलं काही फोनवर बोलायला गेलं की मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं. आत्ता ते खाली गाडीत डोकं घालून बसलेत, तेवढ्यात लिहून काढते. अक्षराला हसू नकोस.

तुम्ही सुटीला येणार हे ठरल्यापासून त्यांनी त्या म्हाताऱ्या गाडीच्या एसीचा ध्यास घेतलाय. मागच्या वेळी छकुलीच्या मानेवर घामोळं उठलं होतं, ते त्यांच्या मनात घर करून बसलंय. उभा जन्म लोकांच्या गाड्यांचे एसी दुरुस्त केले आणि माझ्याच नातीनं माझ्या गाडीत घामाघूम व्हायचं का, असं त्यांचं म्हणणं. डॅशबोर्ड उघडा पडलाय. जेवणाच्या टेबलावर स्क्रू आणि क्लिपांचा बाजार मांडलाय, काल तर भाताच्या पातेल्याखाली एक रबरी रिंग सापडली. मी मुकाट्यानं उचलून ठेवली, नाहीतर ती कशासाठी असते ते भात गार होईपर्यंत ऐकावं लागलं असतं.

त्यांची पद्धत तुला ठाऊकच आहे. आधी गाडीत बसायचं, काचा बंद, एसी सुरू, डोळे मिटून तळहात जाळीसमोर धरायचा. गिऱ्हाईक बाहेर ताटकळतंय आणि हे आत ध्यान लावून बसलेत. तू लहान असताना तुझा हातही तिथे धरायला लावायचे आणि काय वाटतं विचारायचे. तू काहीही ठोकून द्यायचीस आणि ते गंभीरपणे मान हलवायचे. हात मागे घेतला की निदान तयार असायचं. गॅस कमी आहे, नाहीतर पंखा दमलाय, नाहीतर आतली झडप अडकलीय. गॅसचा दाब मोजायचं गेज लावायचे ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

गेल्या आठवड्यात गॅस भरून झाल्यावर मला हाक मारून शेजारी बसवलं. स्वतःचा तळहात जाळीसमोर धरला आणि म्हणाले, बघ, नुसता बर्फ पडतोय. मी हात धरला तर हवा गरम. कोमट नव्हे, चक्क गरम. मला वाटलं, थट्टा करतायत. चेहऱ्याकडे पाहिलं तर कौतुकाची वाट बघत होते. मी हो म्हणाले, दुसरं काय म्हणणार! मग पायाखालची चटई ओली झाली. त्यांनी ते पाणी बोटांवर घेऊन चोळलं आणि सांगितलं, एसीचंच पाणी आहे, निचऱ्याची नळी तुंबलीय. मी चोळून पाहिलं तर चिकट, बुळबुळीत, आणि वास गोडसर. इतकी वर्षं दुकानात चहा नेऊन देताना मीही थोडंफार शिकलेच आहे. ते इंजिन गार ठेवणारं कूलंट होतं. हीटर गळतोय आणि त्याचीच ऊब गार हवेत मिसळतेय. हे त्यांनी एके काळी झोपेत ओळखलं असतं. आता सकाळपासून ती नळी साफ करत बसलेत आणि मला फार भीती वाटतेय.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. बोटावर टरटरून फोड आला होता, गरम पाइपाला लागून असणार. मी दाखवला तेव्हा कुठे त्यांना दिसला. चालताना एका पायातली चप्पल मागे राहते आणि हे तसेच पुढे जातात. मी ती उचलून मागोमाग जायची आणि हसायचीसुद्धा. मग फाटकाच्या खांबाला गाडी घासली. म्हणाले, ब्रेक मऊ पडलेत, पायाला काही कळतच नाही. ब्रेकचे पॅड बदलले. तरी कळेना, म्हणून पेडलवरचं रबर नवं घातलं. ठमे, ब्रेक अगदी ठणठणीत होते गं.

गोडीगुलाबीनं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना छताकडे बघायला सांगितलं आणि तळपायाला टाचणी टोचू लागले. बऱ्याच जागी टोचून झाल्यावर तुझ्या बाबांनी विचारलं, सुरुवात कधी करताय? मी पदर तोंडाशी धरला. साखरेनं हातापायांच्या नसा बधिर झाल्यात, आता गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. हे बाहेर आले, गोड कमी करायला सांगितलंय म्हणाले आणि मला शेजारी बसवून गाडी चालवत घरी आले. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांचं लक्ष विचलित झालं असतं.

रविवारी सकाळी ते तुम्हाला दोघींना आणायला निघणार आहेत, त्या डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं. मी भांडले, रडले, किल्ली लपवली. त्यांनी दुसरी करून आणली, वर मला दाखवली. म्हणून हे पत्र. शेजारीण उद्या तुमच्याच गावाला निघालीय, तिच्या हाती देते. तू रविवारची वाट बघू नकोस. शनिवारीच छकुलीला घेऊन बसनं ये आणि राहवलं नाही म्हणून आलो, असं सांग. ते चिडतील, एवढा एसी मी कुणासाठी केला म्हणतील. म्हणू देत. पुढचं सगळं तू त्यांच्याशी बोल, माझं बोलून संपलंय. आणि तुला नाहीच जमलं, तर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून निघणार आहे. त्यांना एकट्याला त्या रस्त्यावर सोडणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तुझीच,
आई