उरलेल्यांचं मशीन

२९ नोव्हेंबर १९९६, वरसे

कॉलेजात सरांनी आज शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे ग्रुप पाडले. कुणी घेतलं नाही असे तिघं उरलो — पेणचा दिनानाथ, कासूचा पोपट आणि मी. थर्माकोल कापणारं मशीन करायचं. तापलेली तार, आणि ती आडवी, पुढं-मागं, वर-खाली फिरवायला तीन मोटरी. पेणमध्ये गणपतीच्या मखरांना गिऱ्हाईक चिक्कार, म्हणून ही कल्पना दिनानाथची. मला म्हणाला, "रेबेका, तू रिपोर्ट लिही." संपलं!

संध्याकाळी सारामावशीनं शुक्रवारचा शब्बाथचा दिवा लावला. आई-बाबा आणि भाऊ इस्रायलला गेल्यापासून प्रार्थनेला आम्ही दोघीच. परीक्षा झाली की मीही जायचं. मावशी म्हणते, "मी नाय गो कुठं जायची." तिला एकटीला टाकून कशी जाऊ?

५ डिसेंबर

दोघांनी भंगारवाल्याकडून जुन्या प्रिंटरच्या मोटरी आणल्या. मला सांगितलंही नाही.

१९ डिसेंबर

वर्गात माझ्याशी कुणी वाईट बोलत नाही. बोलतच नाही. डबा जिन्याखाली बसून खाते. आज गाडीत एका बाईंनी विचारलं, "कुठं उतरणार?" — दिवसभरात मला विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

१६ जानेवारी १९९७

सांगाडा उभा राहिला, पण वर-खालीची मोटर दमते. तारेची चौकट उचलताना धक्के बसतात, तार तुटते. मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूला वजन लटकवू या. मोटरला हलकं जाईल."

दिनानाथ म्हणाला, "रिपोर्ट झाला का?"

त्यानं जास्त करंट सोडला. धूर! सर्किट जळालं. पाना टाकून निघून गेला.

२४ जानेवारी

दिनानाथ आठवडाभर फिरकलेला नाही. पोपट आणि मी सर्किट नव्यानं जोडतोय. दुपारी पोपटनं दुसरा डबा पुढं केला. "आये बोलली, ती पोर एकटीच जेवते ना, तिला पन दे."

म्हणजे हा घरी माझ्याबद्दल बोलतो! तांदळाची भाकरी, वालाची उसळ. मी मान वर केलीच नाही. रडू फुटलं असतं.

मग कप्पीवरून दोरी घेऊन चौकटीच्या दुसऱ्या बाजूला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधला, वाळू भरली. जास्त झाली — चौकट सणकन वर जाऊन आदळली! पोपट हसायला लागला, मीही. "वाईच काढ अजून... अजून... बास!" मूठमूठ वाळू काढत गेलो. मोटर सुरळीत चालली.

३ फेब्रुवारी

मशीन चालू होतं, आणि दिनानाथ दारात उभा. आत येईना. पोपट म्हणाला, "ये की, आपलंच हाय."

"मला वाटलं, तुम्ही माझं नाव काढलं असेल."

मी म्हटलं, "रिपोर्टात तुझंच पहिलं आहे."

त्यानं खाली बसून सुटलेल्या वायरला सोल्डरचा डाग द्यायला घेतला. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता — "वजनाचं तू सांगितलं होतंस."

११ मार्च

आज पहिली कमान कापली. महिरपीची, बारीक नक्षीची. तीनही मोटरी एकदम फिरत होत्या, तार लोण्यातून जावी तशी गेली. तिघं नुसते बघत उभे.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "हसलीस गो! किती दिसांनी!"

२ जून

परीक्षा आटोपली. दिनानाथच्या काकांची शेड रिकामी आहे. तो म्हणाला, "आपण तिथं मशीन बसवू. गणपतीच्या ऑर्डरी घेऊ. पण तू चाललीस ना?"

आपण! हा शब्द मला धरून कुणी कधी वापरला होता?

संध्याकाळी बाबांचा फोन आला. म्हटलं, मी येत नाही. बाबा म्हणाले, "सारामुळं?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. एकटी राहिली असती ती.

३ जून

सकाळी मावशीला सगळं सांगितलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मग मी जाते गो आता इस्रायलला. तुझ्यासाठीच थांबले होते. तुला इथं कोन नव्हतं."