चौथ्या पट्टीचं वजन

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे मागच्या पत्राएवढेच दुखत असतील असं धरून चालतो. दुखणं कमी झालं असेल तर मामींना सांगू नका, त्या लगेच तुम्हाला माळ्यावर चढवतील. इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे घरचे मजेत आहेत, माझी नोकरी तेवढी जायच्या बेतात आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही कारखाना बघायला आलात, तेव्हा मी तुम्हाला पाण्याची मोठी टाकी दाखवली होती. (यात पोहता येतं का, असं तुम्ही विचारलंत, ते आमचे साहेब अजून विसरलेले नाहीत.) त्या टाकीत दोऱ्यांना सहा लोखंडी पट्ट्या टांगलेल्या होत्या. बोटाएवढ्या, वर एक भोक, भोकाखाली आकडा. टांगण्याआधी मी प्रत्येकीचं वजन करतो, तेव्हा काट्यापाशी श्वाससुद्धा जपून घेतो. नव्वद दिवसांनी त्या काढायच्या, गंज उतरवायचा, पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं लोखंड पाण्यानं खाल्लं. त्यावरून पाइपांचं काय होत असेल ते कळतं.

परवा नव्वद दिवस भरले. पाच पट्ट्या सुखरूप निघाल्या, घट नावापुरती. चौथीचा नुसता दोरा हातात आला. तक्त्यात एकही रकाना मोकळा सोडायचा नाही हा साहेबांचा नियम, म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं: आधीचं वजन एकवीस ग्रॅम, नंतरचं शून्य. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या हिशेबानं पाइप कधीच संपले होते आणि पाणी केवळ सवयीनं वाहत होतं. अर्ध्या तासात कारखाना बंद, दोनशे माणसं फाटकाबाहेर, आणि गुरुवारी चौकशी समिती. त्यातच आमच्या म्हाताऱ्या फिटरनं सगळ्यांसमोर विचारलं, "पट्टी विरघळली हे ठीक, पण गाठ कशी सुटली?" तेव्हापासून सगळे माझ्याकडेच बघतात.

असो. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात हल्ली एक झकास लोखंडी पट्टी लोंबते, असं मामी फोनवर कौतुकानं सांगत होत्या. तिच्यावर चारचा आकडा असेल तर गुरुवारच्या आत पाठवा. घासूनपुसून पाठवू नका. मी तुमच्यावर खरंच रागावलो आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहून गेलं आणि गुरुवारही होऊन गेला. समितीनं वळणावरचा पाइप कापला, तर आतून तो कागदाएवढा उरला होता. आठवडाभरात फुटला असता, आणि त्याच्या बरोबर खाली फिटरचं टेबल आहे. म्हणजे पाच पट्ट्या खोटं बोलल्या आणि जी तिथे नव्हतीच ती एकटी खरं बोलली. साहेबांनी माझी पाठ थोपटली, नोकरी कायम झाली. तेव्हा पट्टी पाठवू नका, अहवालात ती विरघळलेली आहे. फिटर गाठीबद्दल आता चकार शब्द काढत नाही. काल नव्या पट्ट्या टांगताना एवढंच म्हणाला, "मामांना म्हणावं, सवड काढून या परत एकदा."