ताप उतरल्यावरचं डोकं

आई, पाया पडतो. पण मी पीत नाय, हे तुला किती वेळा सांगू? परवा फोनवर दादाच्या पोरीला मी "तुझं नाव काय गं?" विचारलं, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आधी बाटली सोड, मग फोन कर." मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती. लाज वाटली.

तुला बोललो नव्हतो, मला डेंगू झाला होता. आता बरा हाय, दोन्ही वेळा जेवतो. पण डोकं चालत नाय. कारखान्यात फरशीच्या खोक्यांवर नंबर चुकीचे टाकले, म्हणून शेठनी झाडू मारायला लावलंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणू गेला, पण मेंदूची राखण करणाऱ्या पेशी अजून खवळलेल्या असतील, त्यानं आत सूज राहते. मला आपली द्राक्षबाग आठवली. पाखरं उडून गेल्यावरही राखण्या गोफण फिरवत बसला, तर दगड घडांनाच लागणार. हळूहळू उतरेल म्हणाल्या.

पोरगी रुसली का? तिला खांद्यावर घेऊन निफाडचा बाजार हिंडलो, अन् तिचंच नाव आठवेना. स्नेहल. आत्ता आठवलं, म्हणून लगेच लिहिलं. दादाला यातलं काही सांगू नको.

तुझा गुडघा कसा हाय?

तुझा गोरख

खोलीवरचा राज विंचूरला घरी चाललाय, त्याच्याजवळ पैसे देतोय. या खेपेला कमी हायेत. माझ्या मोजण्याचा मलाच भरवसा नाय, म्हणून त्याला मोजायला लावले. साडेतीन हजार रुपये.