गडहिंग्लजला कोण होतं

अण्णा, गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी घरी न सांगता फ्रान्सला जाऊन आलो. सकाळी गेलो आणि रात्रीच्या जेवणाला परत. ऐकायला मोठं वाटतं, पण आमच्या मिल्टन कीन्सहून लंडन गाठलं, की पुढे लील नावाचं शहर दीड तासाच्या आत येतं. आपल्या सांगलीहून गडहिंग्लजला एसटीनं याहून जास्त वेळ लागायचा. गडहिंग्लज हा शब्द मी लिहिला खरा. तुम्ही गेल्यापासून तो आईसमोर उच्चारायचा नाही, असा आपल्या घरात न ठरवता ठरलेला नियम होता.

जायचं काही ठरलेलं नव्हतं. मी इथे नेटवर्कची कामं करतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, जुन्या बाजारातली मॅन्युअलं वाचून शिकलो, आणि माझ्या हातची केबल अजून कुणाला पुन्हा ओढावी लागलेली नाही. त्या दिवशी लंडनला एका क्लायंटकडे जायचं होतं. आत सोडायला पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून माझा ब्रिटिश पासपोर्ट बरोबर होता. ट्रेनमधून उतरलो आणि मेसेज आला, मीटिंग रद्द. परत फिरायचं सोडून मी चालत पलीकडच्या, फ्रान्सच्या गाड्या सुटतात त्या स्टेशनवर गेलो आणि तिकीट काढलं. तिथे फ्रान्सचे पोलीस लंडनमध्येच बसून पासपोर्ट बघतात. त्यातला एक तरुण विचारतो, "बिझनेस?" मी म्हणतो, नो. "फॅमिली?" नो. तो पहिल्यांदाच मान वर करून बघतो. "टुरिस्ट, देन." मी म्हटलं, "इफ यू लाइक." तो हसला नाही. मला मात्र हसू येत होतं, पोटातून, शाळा बुडवल्यासारखं.

तुमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नसता. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही, काम होत नाही, हे आईनं आम्हाला बोलायला शिकवलं तेव्हाच शिकवलं. अगदीच राहवलं नाही, तर 'लांब का?' एवढं म्हणायचं. मी एकदा विसरलो. सहावी-सातवीत असेन. तुम्ही उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि मी विचारून बसलो. तुम्ही मागे फिरलात. चपला काढल्या, आत आलात, पाटावर बसलात, आईनं पाणी दिलं, ते सावकाश प्यायलात आणि मग पुन्हा निघालात. आई म्हणाली, "जीभ आवर जरा. आता त्यांची गाडी चुकली तर?" तुम्ही मला रागावला असतात तर बरं वाटलं असतं. पुन्हा कधी मी विचारलं नाही.

म्हणून त्या रविवारीही नाही विचारलं. मी दारात सायकलची चेन बसवत होतो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, रेक्झिनची पिशवी घेऊन बाहेर आलात. मी सायकल बाजूला ओढली. तुम्ही "येतो" म्हणालात. बस. संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे फोन आला, गडहिंग्लजच्या स्टँडवरून. बाकावर बसलेले, पिशवी मांडीवर, मान खाली. कंट्रोलर म्हणाला, "झोपलेत असं वाटलं हो, दोन गाड्या गेल्या तरी उठेनात." पिशवीत टॉवेल, आत डॉक्टरांचा फोन नंबर चिकटवलेलं चष्म्याचं घर आणि कागदात गुंडाळलेला अर्धा पेरू. आपलं तिकडे कुणी नाही. नातं नाही, ऑफिसचं काम नाही, देव नाही.

तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "गडहिंग्लजला कोण होतं रे?" तिला वाईट हेतू नव्हता, असं मी अजूनही धरून चालतो. पण त्या दिवसापासून आईचं बघणं बदललं. लग्नकार्यात कुणी बाई तिकडची आहे असं कळलं, की आई तिच्याकडे बघत राहायची. चेहरा, मग हात, मग बांगड्या. मी स्वतः दोनदा जाऊन आलो. स्टँडवरच्या चहावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना तुमचा फोटो दाखवला, नीट, क्रमानं, एकालाही न वगळता. कुणी ओळखलं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "असती कुणी तर चाललं असतं रे. बाकावर एकटे तरी गेले नसते." मग तीही गेली, अण्णा. हे तुम्हाला तिकडे कळलं असेल, नसेल. मी आपला लिहून ठेवतो.

लीलमध्ये पहिले काही तास मी काय केलं, तर काहीच नाही. तिथल्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो. पुढच्या काचेला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. एका जुन्या इमारतीच्या चौकात म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळत होती. एकाचा वजीर फुकट जाणार हे मला दिसत होतं, तरी गप्प राहिलो. तेवढ्यात लेकीचा फोन. ती इंग्लंडातच वाढली, तिचं मराठी जरा तिरपं चालतं. "बाबा, तुझा मीटिंग संपला का?" एरवी मी 'तुझी, संपली' करत बसतो. त्या दिवशी "हो" म्हटलं. "आणि हे बेल्स कसले आहेत?" मी म्हटलं, "चर्च आहे जवळ." "ओके. आई विचारते, लेट होणार का?" मागून बायकोचा आवाज, "जेवायला आहात ना?" आहे, म्हटलं. एकही वाक्य खोटं नव्हतं, बघा. मीटिंग संपलीच होती.

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून जुन्या स्टेशनात शिरलो. आणि तिथे बाकावर तुम्ही बसलेले. राखाडी कोट, मांडीवर पिशवी, मान खाली. मला माहीत आहे तो कुणी फ्रेंच म्हातारा होता. मी अंधश्रद्धाळू नाही. पण मी तिथेच उभा राहिलो. लोक त्याच्यासमोरून चाकं लावलेल्या बॅगा ओढत जात होते. एक गाडी सुटली, तो उठला नाही. मी त्याच्या छातीकडे बघत होतो, कोटाचं बटण वर येतं का, खाली जातं का. हाक मारावी, तर कुठल्या भाषेत? अखेर वाकून खांद्याला हात लावला. त्यानं डोळे उघडले आणि काहीतरी म्हणाला. शब्द कळले नाहीत, सूर कळला: काय रे, काय झालं? मी "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरलो. तो पुन्हा मान खाली घालून झोपला. मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

तिथे पहिल्यांदा मनात आलं, की आता माझं काही झालं, तर लेक आयुष्यभर विचारत बसेल, लीलला कोण होतं. फोटो घेऊन येईल. बुद्धिबळवाल्यांना दाखवेल. आणि कुणीच नव्हतं, अण्णा. मी तुमच्याच वयाचा झालोय, आणि मला एवढंच हवं होतं, की एक दिवस आपण कुणाचंही कोणी नसावं. तुमचंही तेच होतं का? मी तसं धरून चाललो तर आत्याचं तोंड बंद होतं, आईचं बघणं मात्र वाया गेलेलं राहतं.

ट्रेनमध्ये ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. बायकोनं दार उघडलं, "दमलात का हो?" म्हणाली, ताट वाढलं. आमच्याकडेही कुणी 'कुठे' विचारत नाही. तो नियम मीच मोठ्या कौतुकानं इथे आणला. लेकसुद्धा मी निघालो की "हाऊ फार, बाबा?" म्हणते. तेव्हा सांगायचं तर मलाच सांगायला हवं होतं. आमटी छान झालीय, म्हणालो.

हे मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितोय. लिहून झालं की फाडणार. महिना झाला, घरी अजून सांगितलेलं नाही, आणि आई असती तर तिलाही सांगितलं नसतं. कारण मग हेही सांगावं लागलं असतं, की त्या म्हाताऱ्याला बघेपर्यंतचे तास फार सुखात गेले, आणि त्यात मला घरच्या कुणाचीच आठवण आली नव्हती.